मास्तरांच्या चपला

कोल्हापुरी चपलेची करकर रस्त्यावर ऐकणं वेगळं आणि चर्चमध्ये ऐकणं वेगळं. रस्त्यावर ती ऐटीत वाजते, लोक मुद्दाम करकरणारी चप्पल मागून घेतात. पण उंच छताखाली सगळे गप्प बसलेत, फक्त पंखे फिरतायत, आणि एक माणूस मधल्या वाटेनं दाराकडं चाललाय, तेव्हा तीच करकर एकेक पाऊल मोजत जाते. तिसऱ्या बाकापासून दारापर्यंत सव्वीस पावलं झाली. मी, इथला पाळक, त्या वेळी पुलपीटवर उभा होतो, हातात नोट्सचा कागद, पुढचं वाक्य तोंडात तयार, पण ते काही बाहेर पडेना आणि कान मात्र पावलं मोजत राहिले. दार ढकलल्याचा आवाज आला, उन्हाची एक पट्टी आत आली आणि गेली, मग मी घसा साफ करून ते वाक्य पूर्ण केलं. काय होतं ते वाक्य, आज आठवत नाही. करकर आठवते.

२०२२ सालची १ मेची गोष्ट आहे, रविवार होता, महिन्याचा पहिला म्हणून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटायचा विधी. बाहेर गेले ते आमच्या मंडळीतले निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही इथं मास्तरच म्हणतो. आणि ते का उठून गेले हे चर्चमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण त्यांना उठवलं मी होतं.

आदल्या रविवारी मंडळीची वार्षिक सभा झाली होती. तुम्ही कुठल्याही मंडळीतले असाल तर ही सभा तुम्हाला माहिताय, उपासना संपते, पंच टेबल पुढं ओढतात, चहा येतो, सेक्रेटरी अहवाल वाचतात, निम्मे लोक घड्याळ बघतात. हिशेबावर काही प्रश्न आहेत का असं विचारलं की मास्तर उठणार हे ठरलेलं. लांबट डायरी, तिच्यात रबरबँडनं अडकवलेलं पेन. ते म्हणाले, "मागच्या जुलैच्या पुरात आपण मदत वाटली, चांगलं केलं. शिरोळकडं किट गेली, आंबेवाडी-चिखलीला गेली. माझा प्रश्न एवढाच आहे, आपल्याच मंडळीतल्या चार विधवा सुतारवाड्याच्या बाजूला राहतात. त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यांच्याकडं कोण गेलं?" कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी डायरी मिटली आणि म्हणाले, "का तिथं फोटो चांगला आला नसता?"

मागं कुणीतरी हसलं.

त्या हसण्यानं माझा तोल गेला हे आज कळतंय. प्रश्नाला उत्तर होतं, म्हणजे उत्तर नव्हतं पण "चुकलं" असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मास्तर, प्रभू सगळं बघतो." किती सुंदर वाक्य, आणि मी ते दगडासारखं वापरलं. सभा संपली. घरी येऊन मी बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिलो. फोटोचं बोलणं खोटं होतं. फोटो तरुण संघाच्या पोरांनी काढले होते आणि एकाही फोटोत मी नव्हतो, कारण मी ट्रकच्या हौद्यात पोती सरकवत होतो. महापुरात दोन-दोन दिवस झोप नाही, हायवे बंद, पंचगंगेचं पाणी ५० फुटांच्या वर, शहरात सगळीकडं पाणीच पाणी आणि प्यायला टँकर. आणि हा माणूस म्हणतो फोटो! तो आठवडाभर मी मनात मास्तरांशी भांडलो, अंघोळ करताना, गाडीवर, मुलीची फी भरायच्या रांगेत उभा असताना. आणि गुरुवारी रात्री बसून संदेश लिहिला.

विषय घेतला दावीद आणि शिमी. दावीद राजा आपल्याच मुलाच्या बंडामुळं यरुशलेम सोडून पळतोय, बहूरीम गावाजवळ आधीचा राजा शौल याच्या घराण्यातला शिमी बाहेर येतो, शिव्याशाप देतो, धोंडे मारतो, धूळ उडवतो. दावीदचा सरदार अबीशय म्हणतो, या मेलेल्या कुत्र्यानं माझ्या राजाला शाप द्यावा काय, जाऊन मुंडकंच उडवतो. आणि दावीद म्हणतो, राहू दे, देऊ दे त्याला शाप. इतका चांगला संदेश मी क्वचित दिला असेल. धूळ दिसत होती लोकांना. बायका पदर सावरून पुढं झुकल्या होत्या. आणि मग मी म्हणालो की शिमी आजही वाटेच्या कडेला उभे असतात, त्यांच्या हातात आता धोंडे नसतात, डायऱ्या असतात.

डायरी हा शब्द मी गुरुवारीच ठरवला होता. तो खोडून पुन्हा लिहिला होता, दोनदा. म्हणजे रागाच्या भरात तोंडातून गेलं असं म्हणायची सोयच नाही. शब्द पडला आणि तिसऱ्या बाकाकडं पन्नासेक माना वळल्या. मास्तरांनी गीतांचं पुस्तक बाकावर ठेवलं, नीट, कोपरा बाकाच्या कडेला जुळवून, आणि उठले.

त्यानंतर मी भाकर मोडली. पाच मिनिटांपूर्वी एका माणसाला मोडलं होतं त्याच हातांनी.

बाहेर दारात हात मिळवताना लोक म्हणाले, साहेब, आज संदेश लागला. एक जण तर हात दाबून हळूच म्हणाला, "बरोबर जागी लागला." आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं. जेवायला मटण होतं, सुट्टीचा रविवार म्हणून तांबडा आणि पांढरा दोन्ही. बायकोनं वाढलं, मुलीला वाढलं, स्वतः बसली, काहीच बोलेना. एरवी ती संदेशावर दोन शब्द तरी बोलते. शेवटी मीच विचारलं, कसा झाला आज? ती पांढऱ्या रश्शाची वाटी माझ्याकडं सरकवत म्हणाली,

"मास्तरांकडं माईक नव्हता."

एवढंच. परत तो विषय तिनं काढला नाही, त्या दिवशी तरी नाही.

मी या गावात वाढलोय, खासबागेत बापाच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितल्यात. शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान, १९१२ सालचं, तिथं जोड लावताना वजन बघतात, वय बघतात, तयारी बघतात. बेजोड कुस्ती लागली तर जिंकणाऱ्यालाही कुणी फेटा बांधत नाही, प्रेक्षक उठून शेंगा घ्यायला जातात. आणि मी काय केलं? मी उंचावर उभा, माझ्या हातात माईक, माझ्या मागं क्रूस, हातात पवित्र शास्त्र, समोरच्याला बोलायला उभं राहायचीसुद्धा परवानगी नाही कारण उपासना चालू आहे, आणि मी डाव टाकला. पाळकाच्या हातात ही केवढी ताकद असते! आमच्यावर टीका झाली की आम्ही "सहन केलं" म्हणतो, पण आमच्याकडं दर रविवारी अर्धा तास असतो आणि टीका करणाऱ्याकडं वर्षातून एक सभा, तीही चहा थंड व्हायच्या आत उरकायची.

त्या रात्री मी तोच अध्याय परत उघडला, २ शमुवेल १६, आणि मग मागचा १५ वा. दावीद त्या वाटेनं कसा चाललाय ते तिथं लिहिलंय. डोकं झाकलेलं, पाय अनवाणी, रडत. मी राजा सांगितला होता, अनवाणी माणूस सांगितलाच नव्हता. आणि शिमी जे ओरडतो, रक्तपाती माणसा, ते शौलाच्या घराण्याबद्दल असेल तर खोटं आहे, दावीदनं शौलाला दोनदा हातात सापडूनही सोडलं होतं. पण ज्याची बायको घेऊन ज्याला लढाईत मारवलं त्या उरीयाचं रक्त? ते होतंच की हातावर. शिमीला ते माहीत असो नसो, दावीदला माहीत होतं. चुकीच्या माणसानं चुकीच्या कारणासाठी मारलेला धोंडा बरोबर जागी बसला होता, म्हणून तो राहू दे म्हणाला असेल. मला आजवर वाटायचं की ही मोठ्या मनाची गोष्ट आहे. त्या रात्री वाटलं, ही आपलं खरं ओळखलेल्या माणसाची गोष्ट आहे.

आणि पुढचा भाग तर आम्ही कधी सांगतच नाही. दावीद परत येतो तेव्हा शिमी पाया पडतो आणि दावीद शपथ घेऊन म्हणतो की तू मरणार नाहीस. सुंदर. मग वर्षं जातात, दावीद म्हातारा होतो, मरणाच्या अंथरुणावर मुलाला, शलमोनाला बोलावतो आणि सांगतो, त्या शिमीला सोडू नकोस. म्हणजे माफी दिली होती ती वरच्या कप्प्यात, आणि राग खालच्या कप्प्यात घडी घालून ठेवला होता इतकी वर्षं. मी दिवा बंद करून बराच वेळ अंधारात बसलो. माझे खालचे कप्पे मला माहीत होते.

मला बाबा आठवले. माझे बाबा पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात प्रचारक होते, सोबत पोरांचं एक छोटं वसतिगृह सांभाळायचे, पंधरा-सोळा पोरं. एकदा एका पोराचा बाप आला, बैलगाडीचा माणूस, घामानं भिजलेला, दारातूनच ओरडत आला की माझ्या पोराला किडकी जोंधळ्याची भाकरी घालता. मी सातवीत असेन. बाबा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आत आणलं, बसायला पाट दिला, गुळाचा चहा दिला. त्याच्याबरोबर प्रार्थना केली. तो माणूस रडला, जाताना बाबांच्या पाया पडला. आम्ही सगळी भावंडं दाराआडून बघत होतो आणि मला बाबांचा इतका अभिमान वाटला, मी शाळेत सांगितलं सगळ्यांना. कित्येक वर्षं मी संदेशात ही गोष्ट सांगत आलोय, टीका करणाऱ्याला प्रेमानं जिंका म्हणून. पण आई रोज संध्याकाळी सूप घेऊन अंगणात बसायची आणि त्याच पोत्यातला जोंधळा पाखडायची, किडे बाजूला करायची, कोंबड्या गोळा व्हायच्या, ते पण मी बघितलंय. पोतं बदललं नाही. महिनाभर आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं, आम्हीपण खाल्लं, बाबांनीपण, पैसे नव्हते हे खरं. पण पैसे नाहीत हे तरी त्या माणसाला सांगायचं होतं ना. बाबांनी त्याला चहा दिला, प्रार्थना दिली, हिशेब दिला नाही. बाबांवर माझं प्रेम आहे, त्यांच्याइतका मऊ माणूस मी बघितला नाही, आणि तरी ही गोष्ट आता मला पहिल्यासारखी सांगता येत नाही.

मऊपणानं माणूस शांत होतो, जोंधळा चांगला होत नाही.

प्रेषितांची कृत्ये, ६ वा अध्याय. मंडळी नवीकोरी आहे, माणसं वाढतायत, आणि पहिली कुरकुर कशावरून होते? विधवांच्या जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय. मला ते वाचून अंगावर काटा आला, दोन हजार वर्षांपूर्वीची आमचीच वार्षिक सभा. आणि प्रेषित काय करतात? कुरकुर करणारे कोण, त्यांचा हेतू काय, सूर कसा होता, यावर एक शब्द नाही. सगळी मंडळी बोलावतात आणि सात जण निवडायला सांगतात. त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, नीकनोर, तीमोन, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात पळी दिली. यापेक्षा मोठी करुणा मला माहीत नाही, आणि यात कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला नाही.

टीका करणारा म्हणजे आपलं ऐकणारा, मान हलवणारा असावा असं आम्हा लोकांना का वाटतं कोण जाणे. आमचा सगळा इतिहास तर भांडणाऱ्यांचा आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले, आमच्या इकडच्या मिशनच्या कामाची सुरुवात त्यांच्यापासून, आणि त्यांचं स्वतःचं त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाशी शाळांवरून वाजलं, मग कित्येक वर्षं त्यांनी इथं एकट्यानं काम रेटलं, १८७० साली कुठं ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं आलं. पंडिता रमाबाईंवर तर दोन्ही बाजूंनी. इकडं पुण्यात १८९३ साली त्यांच्या शारदा सदनावरून, विधवा मुलींच्या शाळेवरून, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि तिकडं इंग्लंडमधल्या ज्या सिस्टर लोकांनी तिला आधार दिला त्यांना वाटायचं की ही फार प्रश्न विचारते, गपगुमान मान्य करत नाही. रमाबाईंनी त्यांना लांबलचक पत्रं लिहिली. मुद्दा सोडला नाही आणि नातंही सोडलं नाही, वाद घालत राहिल्या आणि खाली मायेनं सही करत राहिल्या. असं मला जमलं पाहिजे असं वाटतं. माझं एक तर नातं सुटतं नाही तर मुद्दा सुटतो.

बुधवारी संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेलेला, शाहूपुरीतल्या गल्लीत ओल्या मातीचा आणि कुठूनतरी तिखट भाजल्याचा वास, नाकात झणझणलं. दार उघडंच होतं. दारात त्या चपला, वादीला एक टाका नवीन घातलेला. आत मास्तर जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या भोवती गीतांची पुस्तकं पसरलेली, वीस-पंचवीस, आमच्याच चर्चची. कुणाची पाठ निघालेली, कुणाची पहिली पानं सुटलेली. ते मांजरपाटाच्या पट्ट्या कापून ठेवत होते, बाजूला दाभण, जाड दोरा, आणि एका जर्मनच्या पातेल्यात खळ. मी तोवर सहा वर्षं त्या मंडळीत पाळक होतो आणि सहा वर्षांत मला कधी प्रश्न पडला नाही की ही पुस्तकं फाटत कशी नाहीत. दर उन्हाळ्यात ते पिशवीत घालून घरी न्यायचे, शिवून आणायचे, बाकांवर ठेवायचे. हिशेबात त्याचा खर्च कधी लागला नाही.

त्यांनी मला बघितलं, बसा म्हणाले, हातातलं पुस्तक खाली ठेवलं नाही. ब्रशनं पाठीवर खळ लावली, पट्टी ठेवली, अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत नेली, बुडबुडा राहू नये म्हणून. मग पाट ठेवला आणि त्यावर वरवंटा. हे सगळं होईपर्यंत मी गप्प. मग उठून साबणानं दोनदा हात धुतले, खळीत मोरचूद असतं म्हणून, आणि चहा ठेवायला आत गेले. चहा हातात आल्यावर मी म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं. मी तुम्हाला तिथून बोलायला नको होतं."

"व्हय," म्हणाले, "नको होतं."

मला वाटलं आता पुढं ते म्हणतील जाऊ दे. ते म्हणाले नाहीत. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायले आणि म्हणाले, "साहेब, मी चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. उणं चारचौघांत आणि अधिक घरात, हा हिशेब जुळत नाही." मी म्हटलं, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बोलतो. ते म्हणाले ते तुम्ही बघा, पण त्या आधी चला. चपला घातल्या आणि निघाले. मी पिशवीतून पूरमदतीचं रजिस्टर नेलं होतं, फोटोचा आरोप खोटा आहे हे दाखवायला, पै न पैचा हिशेब. ते तसंच काखेत राहिलं. वाटेत एकदा मी विषय काढला, म्हटलं मास्तर, फोटोचं तुम्ही बोललात ते बरोबर नव्हतं, मला लागलं. ते चालत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आजपर्यंत त्यांनी तो शब्द परत घेतलेला नाही, आणि तो आजही मधूनच बोचतो.

सुतारवाड्याच्या बाजूची ती खोली. चौघींपैकी एकजण पुरानंतर मुलीकडं निपाणीला गेलेली, ही दुसरी, सत्तरीच्या पुढची, धुणीभांडी करून दोन पोरं वाढवलेली. भिंतीवर पाण्याची रेघ तशीच, चुना मारूनही वर आलेली, माझ्या छातीला लागेल एवढी. त्या रेघेच्या खाली भिंत फुगलेली, बोट लावलं की पोपडा पडायचा. शेल्फावर पवित्र शास्त्र होतं, भिजून वाळल्यामुळं दुप्पट जाड झालेलं, पानं लाटांसारखी. शाळेतल्या छावणीतून परत आल्यावर त्यांनी ते दोरीवर नाही, मांडीवर घेऊन एकेक पान उलटत वाळवलं होतं, आठ दिवस. आम्हाला बघून त्यांची गडबड उडाली, पदर डोक्यावर घेतला, बसा बसा साहेब. मी म्हटलं, आक्का, पुरात मी आलो नाही. त्या लगेच म्हणाल्या, "ते बरंच झालं की वो. आला असतासा तर बसाय एक पाट सुदिक कोरडा नव्हता."

किती मोठं मन. आणि मला किती हलकं वाटलं त्या क्षणी, वाटलं झालं, सुटलो.

मास्तर दारातूनच म्हणाले, "आक्का, असं म्हणू नका. ते यायला पाहिजे होते."

खोलीत शांतता. बाहेर नळाखाली घागर भरत होती, तिचा आवाज वर वर चढत गेला. आक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "व्हय. यायला पायजे हुतं. वाट बघितली मी."

मला कुणीतरी एवढं खरं बोलल्याला किती वर्षं झाली होती. आणि ते बोलायला त्यांना मास्तर लागले, एकट्यानं त्या कधी बोलल्या नसत्या, मला गुळाचा खडा देऊन हसतमुखानं पाठवलं असतं आणि आतल्या आत वाट बघितल्याचं दुःख तसंच ठेवलं असतं. का गेलो नव्हतो मी? विचार केला तर खरं उत्तर असं आहे की जवळचे कुणीतरी बघेलच असं वाटलं. आणि त्याच्या खालचं खरं उत्तर, लांबचा माणूस हात जोडतो, आपला माणूस तक्रार करतो, आणि दमलेल्या जिवाला जोडलेले हात हवे असतात.

१५ मेच्या रविवारी उपासनेनंतर मी खाली उतरून बाकांच्या मधे उभा राहिलो, माईक न घेता, आणि म्हटलं की पहिल्या रविवारी मी देवाचं वचन एका भावाला मारायला वापरलं, आणि ज्या चार घरांबद्दल त्यांनी विचारलं तिथं मी खरंच गेलो नव्हतो. मास्तर तिसऱ्या बाकावर होते, खाली बघत होते, मान वर केली नाही. नंतर दोन पंच व्हेस्ट्रीत, चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत आले, चिडलेले. पाळकानं असं वाकायचं नसतं म्हणाले, उद्या कुणीही उठेल. त्यांचंही अगदी चूक नव्हतं. त्या वर्षी एकजण उठलाच, त्याला ना विधवांचं पडलं होतं ना हिशेबाचं, माझ्या बायकोच्या साडीपासून मुलीच्या कॉलेजपर्यंत बोलायचा. त्याला मी स्पष्ट सांगितलं की माझ्याबद्दल काय ते सभेत बोला, घरच्यांबद्दल नाही, एक शब्द नाही. त्याची आई दवाखान्यात होती तेव्हा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसलो. तो बोलायचा थांबला नाही. प्रत्येक टीका करणारा मास्तर नसतो, पण कोण मास्तर आहे आणि कोण नाही हे त्याच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही, हे एवढं मात्र मी शिकलो.

आणि आम्ही पूरसमिती केली, मास्तर अध्यक्ष. आधी नको म्हणाले, मग अट घातली की यादी आधी, किट नंतर. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या, ते आणि तरुण संघाची दोन पोरं घरोघर फिरली. डायरीत प्रत्येक घराचं एक पान, घरात कितीजण, तळमजला की वरचा, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणाची इन्सुलिन, कुणाची किल्ली कुणाकडं, कोण कुणाच्या घरी जाणार. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ असतं, मास्तरांचा नियम ३५ ला फोन. २०२४ च्या जुलैत पाणी परत धोक्याच्या वर गेलं. पहाटे साडेचारला माझा फोन वाजला. "साहेब, पस्तीस. पान नंबर सात आणि अकरा तुमच्याकडं." सात नंबरचं पान आक्कांचं होतं. मी गेलो तेव्हा त्या दारात पिशवी घेऊन तयार बसल्या होत्या, ते फुगलेलं शास्त्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर, आणि म्हणाल्या, आलासा?

यंदाच्या वार्षिक सभेची तारीख ठरलीय. परवा मास्तरांचा फोन आला. आवाज थोडा बसलाय आता, दम लागतो, पण चपला त्याच आहेत, परवाच तळ बदलून घेतला म्हणाले. विचारत होते की हिशेबाची झेरॉक्स सभेआधी मिळेल का. माझ्या पोटात अजूनही बारीक गोळा येतो त्यांनी हिशेब म्हटलं की. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी घरी आणून देतो.

"शनिवारी नको," म्हणाले, "शुक्रवारी द्या. मला वाचायला दोन दिवस लागतात."